पेशी ओळखणारा डोळा

मीं आयुष्यभर लहान मुलांस अक्षरओळख करून दिली. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद तुम्हांआम्हांस सहज दिसतो; पहिलीच्या मुलास तो दिसावयास कित्येक दिवस लागतात. त्याला आपण व्याख्या सांगत बसत नाहीं. अक्षर दाखवितों, नांव सांगतों, चुकलें कीं पुन्हां दाखवितों. आजचा माझा विषयही एका परीनें अक्षरओळखीचाच आहे. मात्र येथें अक्षरें म्हणजे शरीरांतील पेशी, आणि विद्यार्थी आहे संगणक.

रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाच्या पातळ कापांतील कप्प्यांस पेशी हें नांव दिलें. १८५८ सालीं जर्मन वैद्य विर्को यानें रोगाचें मूळ पेशींत शोधावें असें प्रतिपादन केलें. पुढें न्यूयॉर्क येथें पापानिकोलाऊ या ग्रीक शास्त्रज्ञानें स्त्रीच्या गर्भाशयमुखाजवळील पेशी कांचपट्टीवर पसरून, त्यांस रंग देऊन, कर्करोगाची चाहूल आधींच लागते असें दाखविलें. १९२८ सालीं त्यानें ही गोष्ट जाहीर केली. १९४३ सालीं ट्रॉट या वैद्यासह लिहिलेल्या ग्रंथानंतर ती सर्वमान्य होऊं लागली. निरोगी पेशीचें केंद्रक लहान व नीटस असतें. बिघडलेल्या पेशीचें केंद्रक फुगलेलें, गडद व वेडेंवांकडें दिसतें. परंतु एका पट्टीवर हजारों पेशी असतात आणि त्यांत वाईट पेशी कधीं कधीं मूठभरच. पाहणारा डोळा थकतो. दोन तज्ज्ञांचें मतही नेहमीं जुळत नाहीं.

ही हकीकत दूरदेशची वाटेल. पण तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच जिल्ह्यांत लिहिला गेला. आज ज्यास धाराशिव म्हणतात तो जिल्हा तेव्हां उस्मानाबाद या नांवानें ओळखला जाई. १९९९ सालीं मुंबईचें टाटा स्मारक केंद्र, शेजारच्या बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं येथें एक मोठी पाहणी आरंभिली. गांवांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया तींत होत्या. एका विभागांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यांत पेशींची, तिसऱ्यांत पातळ ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहणें. चौथ्या विभागास केवळ माहिती व सल्ला. या चौथ्या विभागाच्या मांडणीवर पुढें वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनीं कडक आक्षेप घेतले, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्यें प्रसिद्ध झाले. सुमारें आठ वर्षांत चौथ्या विभागांत या रोगानें ६४ स्त्रिया दगावल्या. विषाणु-तपासणीच्या विभागांत स्त्रियांची संख्या थोडी अधिक असूनही ३४. पेशी-तपासणीच्या विभागांत मात्र निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाहीं. पाश्चात्त्य देशांत याच तपासणीनें असंख्य प्राण वांचले. पण तेथें ती दर कांहीं वर्षांनीं पुन्हां होते. येथें ती एकदांच झाली. एकदांच वाचावयाचें असेल, तर सुटलेलें अक्षर पुन्हां गांठीं पडत नाहीं.

मग पेशी वाचण्याची विद्या निरुपयोगी ठरली काय? तसें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं प्रथम तपासणी म्हणून विषाणु-तपासणीचीच शिफारस केली. परंतु विषाणु सांपडला म्हणजे कर्करोग झाला असें नव्हे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरांतून तो आपोआप नाहींसा होतो. खरा धोका कोणास आहे हें निवडण्यास दुसरी तपासणी लागते. तेथें पेशींकडे पाहणें हा एक मार्ग आहे, आणि तेथेंच यंत्राचें साहाय्य होऊं शकतें.

यंत्राचा प्रयत्न तसा जुना आहे. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सायटोॲनलायझर नांवाचें यंत्र केलें. केंद्रकाचा आकार व गडदपणा मोजून तें निर्णय देई. पण एकमेकींवर चढलेल्या पेशी व पट्टीवरील कचरा यांनीं तें फसलें. नव्या पद्धतीस मशीन लर्निंग म्हणतात. तींत नियम पाठ करून घेत नाहींत, उदाहरणें दाखवितात. डेन्मार्कमधील हेर्लेव रुग्णालयांत तज्ज्ञांनीं ९१७ पेशींचीं चित्रें सात वर्गांत लावलीं. जगभरच्या अनेक संशोधकांनीं त्यांवर आपापले संगणक शिकविले. संगणक प्रथम अंदाज करतो. चूक किती झाली तें मोजतो. आपल्या आंतील आंकडे किंचित बदलतो. आणि हजारों वेळां हेंच करतो. शेवटीं त्याची परीक्षा त्यानें कधीं न पाहिलेल्या चित्रांवर घ्यावी लागते. पाठ केलेलेच प्रश्न विचारले तर गुण खोटे ठरतात, हें कोणीही शिक्षक सांगेल.

एकाच गुरुजींचें हस्ताक्षर पाहिलेला मुलगा दुसऱ्याच्या अक्षरापुढें अडतो. तसेंच या यंत्राचें आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेचा रंग फिकट असला, कॅमेरा निराळा असला, तरी तें चुकूं शकतें. आणि तज्ज्ञानें नांवच चुकीचें सांगितलें असेल, तर तेंही तीच चूक इमानानें गिरवितें. म्हणून परदेशांत उत्तीर्ण झालेलें यंत्र आमच्या बायकांच्या कांचपट्ट्यांवर पुन्हां तपासल्यावांचून त्यावर भरंवसा ठेवूं नये.

त्या पाहणीच्या काळीं मी या जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत होतों. खुरपणीची मजुरी बुडवून, संकोच गिळून तपासणीस जाणाऱ्या बायका मला आठवतात. यंत्र उद्यां एखादी पेशी अचूक ओळखीलही. पण ती ज्या बाईची आहे तिच्या घरीं निरोप कोण नेणार, आणि तिला उपचारास बार्शीपर्यंत कोण पोंचविणार, याची तजवीज माणसांनींच आधीं केली पाहिजे.