घरकर्जाचे हप्ते थकले, बँकेची नोटीस आली: घर वाचवण्याचे मार्ग

दिघीत आणि आसपासच्या गावांत बऱ्याच घरांचे हप्ते आखातातल्या पगारावर चालतात. तिकडे नोकरी गेली की इकडे हप्ता थांबतो. मग बँकेचा लिफाफा येतो आणि 'लोक काय म्हणतील' म्हणून तो कपाटात जातो. नोटीस वाचून द्या म्हणत लोक आमच्याकडे येतात, तेव्हा अर्धी मुदत संपलेली असते.

कर्ज थकणे हा गुन्हा नाही. आपल्या दिघी बंदराची कंपनीसुद्धा 2018 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि 2021 मध्ये अदानी समूहाने ती घेतली. कायदा घरमालकालाही वेळ देतो, पण तो मोजका असतो.

नोटीस येण्याआधी

हप्ता चुकणार असं दिसलं की आधीच शाखेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा कर्जाची पुनर्रचना, यांसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मंजुरी बँकेच्या हातात असते. मुदत वाढली की एकूण व्याजही वाढतं, हे लक्षात ठेवा. थकबाकी 90 दिवसांपेक्षा जास्त झाली की खातं 'एनपीए' होतं.

नोटीस आल्यावर

सरफेसी कायदा, 2002 नुसार बँक कलम 13(2) ची नोटीस देते. पैसे भरायला नोटिशीच्या तारखेपासून 60 दिवस मिळतात. रक्कम चुकीची वाटली तर लेखी हरकत घ्या. बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

60 दिवसांनंतर बँक ताब्याची कारवाई करू शकते. त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात (डीआरटी) 45 दिवसांत अर्ज करता येतो. सगळी येणे रक्कम खर्चासह भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. त्यानंतर पैसे जमले तरी उशीर झालेला असतो.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर वाट वेगळी. तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेतला जातो. त्या सुनावणीला हजर राहाच.

घर ठेवणं शक्यच नसेल तर

एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव द्या. मान्य झाला तर पत्र घ्या. किंवा स्वतः गिऱ्हाईक शोधा. लिलावापेक्षा सहसा बरा भाव येतो. मात्र 13(2) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही. विक्रीतून कर्ज फिटून उरलेली रक्कम तुमची असते. कमी पडली तर बाकी तुमच्याच डोक्यावर राहते.

मदत कुठे मिळेल?

- महिलांना उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा. घरमालक परदेशात असेल तर त्याने भारतीय दूतावासातून साक्षांकित मुखत्यारपत्र पाठवावं.
- वसुली एजंटने सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.
- हप्ता भरायला खासगी सावकाराकडे जाऊ नका. बायकोचे दागिने आणि मेहर तिचे आहेत. तिच्या मर्जीशिवाय हात लावू नका.

जमातीसाठी दोन शब्द

सूरह तौबाच्या आयत 60 मध्ये जकातीच्या हकदारांत कर्जात बुडालेलेही आहेत. सूरह बकराची आयत 280 अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यायला सांगते. जमातीने मदत करताना नाव जाहीर करू नये. अब्रू जाण्याची भीती कमी झाली, तरच लिफाफा कपाटातून वेळेवर बाहेर येईल.