फ्लॉपीतला पाहुणा

संगणकीय विषाणूंच्या इतिहासात १९८६ सालच्या लाहोरच्या 'ब्रेन'ला मानाचे पान आहे. दोन भावांनी रचलेल्या या आज्ञावलीत त्यांचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही होता. कर्तृत्वाची ही हौस आम्हा साहित्यवाल्यांना परकी नसावी!

तेव्हा रोग हिंडे तो फ्लॉपीतून. जालन्यात जुळवलेला मजकूर औरंगाबादच्या छापखान्यात न्यावयाचा, तर खिशातल्या तबकडीबरोबर हा पाहुणाही जाई. मजकूर निर्दोष असला तरी फ्लॉपी आत विसरून यंत्र सुरू केले की बाधा ठरलेली. १९९१ साली सापडलेला 'मायकेलअँजेलो' तर वर्षभर निपचित राही आणि ६ मार्चला संगणक सुरू होताच हार्डडिस्कवरील मजकूर पुसून टाकी. फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बुजवणे, म्हणजे तीवर काही लिहिलेच जाणार नाही, हा तेव्हाचा सर्वांत स्वस्त बंदोबस्त.

खरा उताराही दोन भावांचाच, पण पुण्याचा. दहावीनंतर शिक्षण सोडलेले कैलास काटकर गणकयंत्रे व संगणक दुरुस्त करीत. धाकट्या संजय यांनी विषाणुनाशक आज्ञावली लिहिली. तीच पुढे 'क्विक हील'. १९९५ साली नोंदलेल्या त्यांच्या कंपनीने २००७ साली हेच नाव घेतले. मुद्रणाचा इतिहास शिकवताना आम्ही खिळे जुळवणाऱ्यांना आदराने स्मरतो. मजकूर वाचवणाऱ्या या दुरुस्तीवाल्यांना मात्र अद्याप एक तळटीपही दिलेली नाही.