शब्द चुकतो, पण चूक कळते

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं वाणी आणि विचार यांच्या नात्यावर तासन्‌तास बोलतो. आज आपण तोच प्रश्न वाचाघाताच्या, म्हणजे अफेझियाच्या, इतिहासातून पाहू. मेंदूला इजा होऊन बोलणं गेलं, तर बुद्धीही गेली असं समजायचं का?

१७ जून १७८३. लंडन. इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश १७५५ मध्ये सिद्ध करणारे सॅम्युअल जॉन्सन तेव्हा ७३ वर्षांचे होते. पहाटे तीनच्या सुमारास डोक्यात काहीतरी गोंधळ झाल्याचं त्यांना जाणवलं. बुद्धी शाबूत आहे ना, हे तपासायला त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचली. ओळी काही फार चांगल्या जमल्या नाहीत. पण त्या जमल्या नाहीत हे त्यांना कळलं, आणि त्यावरूनच त्यांनी बुद्धी शाबूत असल्याचा निर्वाळा दिला. वाचा मात्र गेली होती. चिठ्ठी लिहायला घेतली, तर हात भलतीच अक्षरं काढू लागला. तेही त्यांच्या लक्षात आलं. दोनच दिवसांनी त्यांनी हे सारं पत्रात लिहिलं.

१८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य हा रुग्ण तपासला. तो बहुधा ‘तां, तां’ एवढंच बोले. पण त्याला समजत बरंच होतं. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं नाही की तो संतापे.

१८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला. हे रुग्ण भरभर बोलतात, शब्द मात्र भलतेच येतात, आणि ते त्यांना कळत नाही. वेर्निके यांच्या मते, आपण बोलतो तेव्हा शब्दाची ध्वनिप्रतिमा आपल्या बोलण्यावर नकळत पहारा ठेवते. तो पहाराच इथे ढासळलेला असतो. म्हणजे जॉन्सन यांची कसोटी उलटी लावता येत नाही. चूक न कळणं ही काही वेडाची खूण नव्हे.

आपल्या घरात काय होतं? आजोबांना चहा हवा असतो, तोंडून ‘चावी’ निघतं. ते मान हलवतात, ‘नाही, नाही’ म्हणतात, पुन्हा शब्द शोधू लागतात. आपण घाईनं त्यांचं वाक्य पुरं करतो, नाहीतर त्यांच्यादेखतच म्हणतो, ‘आता त्यांना काही कळत नाही.’

त्या ‘नाही, नाही’मध्ये जॉन्सन यांचीच परीक्षा चालू असते. ती पुरी होईपर्यंत आपण थांबावं, एवढीच विनंती.