प्राध्यापक हा कामगार असतो का? न्यूयॉर्कमधल्या एका संघटनेचा इतिहास

आजचा विषय आहे सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, म्हणजे ‘क्युनी’ या सार्वजनिक विद्यापीठातली कर्मचारी संघटना. तिचं नाव प्रोफेशनल स्टाफ काँग्रेस. सुमारे ३० हजार लोकांच्या वतीने ती करार करते. नावात ‘प्रोफेसर’ हा शब्द नाही, एवढं सुरुवातीलाच लक्षात घ्या. प्राध्यापक तिच्यात आहेत, तसेच ग्रंथपाल आहेत, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आहेत, विद्यापीठाचे प्रशासकीय अधिकारी आहेत. सगळे एकाच करारात. (लिपिकांची संघटना वेगळी आहे, तेवढी भिंत तिथेही आहेच.) आपल्याकडे प्राध्यापकांची संघटना एकीकडे आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची दुसरीकडे, ही आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट. म्हणून मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं.

न्यूयॉर्कला जाण्याआधी थोडं दिल्लीत थांबू. ‘प्राध्यापक हा कामगार आहे का’ हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६३ साली आला, आणि तो आला बसचालकांमुळे. दिल्ली विद्यापीठाने दोन बसचालकांना कामावरून कमी केलं. त्यांनी औद्योगिक विवाद कायद्याखाली भरपाई मागितली. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की विद्यापीठाचं मुख्य काम शिकवण्याचं. शिकवणारे काही कामगार नव्हेत. म्हणून विद्यापीठ हा ‘उद्योग’ नव्हे. आणि म्हणून चालकांनाही तो कायदा लागू नाही. बघा, मान प्राध्यापकाला मिळाला आणि त्याची किंमत चालकाने मोजली! १९७८ साली बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा निर्णय उलटवला आणि विद्यापीठही ‘उद्योग’ ठरलं. पण १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात पुन्हा तेच झालं. शाळा उद्योग असेल, पण शिक्षक ‘कामगार’ नव्हे. कारण काय, तर अध्यापन हे उदात्त कार्य आहे.

अमेरिकेत याचीच दुसरी बाजू दिसते. १९८० साली येशिवा या खासगी विद्यापीठाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की तिथले प्राध्यापक नेमणुका, अभ्यासक्रम, प्रवेश यांत निर्णय घेतात, म्हणजे ते व्यवस्थापनाचाच भाग. आपल्याकडे तो ‘गुरू’ म्हणून कामगार नाही, त्यांच्याकडे तो ‘मालक’ म्हणून कामगार नाही. दोन्हीकडे खुर्ची उंच दिली आणि खालची जमीन काढून घेतली. क्युनी या निकालातून सुटलं, कारण ते सार्वजनिक आहे. तिथे केंद्राचा नव्हे, न्यूयॉर्क राज्याचा कायदा चालतो.

आता त्या विद्यापीठाकडे वळू. १८४७ साली ‘फ्री अकॅडमी’ या नावाने स्थापन झालेलं कॉलेज हे त्याचं मूळ. फी नाही. गरीब, स्थलांतरित घरांतली मुलं तिथे शिकली. या सिटी कॉलेजात १९४० साली बर्ट्रांड रसेल यांची नेमणूक झाली आणि न्यायालयाने ती रद्द केली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा किस्सा पाठ असतो. त्यानंतर काय झालं ते मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने रॅप-कूडर्ट समिती नेमली. तिने प्राध्यापकांच्या तेव्हाच्या संघटनेत कम्युनिस्ट शोधायला सुरुवात केली. सिटी कॉलेजातल्या चाळीसहून अधिक लोकांची नोकरी गेली. त्यांत अध्यापक होते आणि कार्यालयीन कर्मचारीही होते. मॉरिस शॅपेस हे इंग्रजीचे अध्यापक तर खोट्या साक्षीच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. रसेल जगप्रसिद्ध होते, त्यांच्यासाठी जगभरातून आवाज उठला. या बाकीच्यांबद्दल विद्यापीठाने खेद व्यक्त केला तो १९८१ साली. चाळीस वर्षांनी!

म्हणून पुढची पिढी सावध निघाली. ब्रुकलिन कॉलेजातल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका बेल झेलर यांनी १९३७ साली न्यूयॉर्कच्या राजकारणातल्या दबावगटांवर पुस्तक लिहिलं होतं. मग त्या स्वतःच असा एक दबावगट चालवू लागल्या. त्याचं नाव लेजिस्लेटिव्ह कॉन्फरन्स. ऑल्बनीला, म्हणजे राज्याच्या राजधानीला जायचं, आमदारांना गाठायचं, पगार आणि निवृत्तिवेतनाचे कायदे करून घ्यायचे. संप, मोर्चा वगैरे भानगड नाही. १९६० च्या दशकात दुसरी संघटना आली, युनायटेड फेडरेशन ऑफ कॉलेज टीचर्स. तिचे नेते इझ्राएल कुगलर. ही माणसं स्वतःला सरळ कामगार म्हणवून घेणारी. सेंट जॉन्स या खासगी विद्यापीठाने ३१ अध्यापकांना काढलं, तेव्हा जानेवारी १९६६ मध्ये तिथे याच संघटनेने संप केला.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वेच्या कामगारांनी १२ दिवस संप करून शहर ठप्प केलं. त्यातून १९६७ चा टेलर कायदा आला. सार्वजनिक कर्मचाऱ्यांना संघटना करण्याचा आणि करार करण्याचा हक्क मिळाला, पण संपाला बंदी. संप केलात तर प्रत्येक दिवसामागे दोन दिवसांचा पगार कापला जातो. म्हणजे तलवार दिली ती म्यानाला शिवूनच.

या कायद्याखाली १९६८ च्या अखेरीस निवडणूक झाली आणि क्युनीचे दोन तुकडे पडले. पूर्णवेळ प्राध्यापक झेलरबाईंच्या बाजूला, अधिव्याख्याते आणि अर्धवेळ शिकवणारे कुगलर यांच्या बाजूला. प्रतिष्ठेची उतरंड जशीच्या तशी मतपेटीतून बाहेर आली. प्रशासनाला काय हवं असतं? हेच! चार वर्षांच्या आत दोन्ही गटांना ते कळलं आणि १९७२ साली विलीनीकरण होऊन प्रोफेशनल स्टाफ काँग्रेस जन्माला आली. पहिल्या अध्यक्ष बेल झेलर.

कसोटी लगेच आली. १९७० पासून क्युनीने शहरातल्या प्रत्येक हायस्कूल-उत्तीर्ण मुलाला प्रवेश खुला केला होता. कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले. पाच वर्षांनी शहराची तिजोरी रिकामी झाली. १९७६ च्या मे अखेरीस पगाराला पैसे नाहीत म्हणून अख्खं विद्यापीठ सुमारे दोन आठवडे बंद राहिलं. हजारो लोकांची नोकरी गेली, आणि १२९ वर्षं फुकट असलेल्या शिक्षणाला फी लागली. नवी मुलं दारात आली आणि दाराला तिकीट लागलं. याला योगायोग म्हणायला माझं मन तयार होत नाही. संघटना टिकली. पण तिला ना फी थांबवता आली, ना पुढची गोष्ट.

ती पुढची गोष्ट म्हणजे ‘ॲडजंक्ट’. आपल्या भाषेत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. कायम जागा भरायच्या नाहीत आणि तासांवर माणसं घ्यायची, ही पद्धत तिथेही वाढत गेली. १९६८ ची भिंत दोन संघटनांच्या मधे होती, आता ती एकाच संघटनेच्या घरात आली. ॲडजंक्टने एका कॉलेजात आठवड्याला नऊ तास आणि दुसऱ्यात सहा, याहून जास्त शिकवायचं नाही, हा नियम संघटनेच्याच करारात आहे. त्यामागचा विचार वाईट नव्हता. प्रशासनाने कायम जागांऐवजी तासिकांवर भागवू नये, म्हणून तो बांध. पण बांधाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाने भाडं कसं भरायचं?

२००० साली बार्बरा बोवेन यांचा ‘न्यू कॉकस’ हा गट निवडून आला, तो या नाराजीला वाचा फोडतच. २०१६ मध्ये, पगारवाढीविना अनेक वर्षं गेल्यावर, मतदान करणाऱ्या सभासदांपैकी ९२ टक्क्यांनी संपाचा अधिकार नेतृत्वाला दिला. टेलर कायद्याचा दंड माहीत असूनही. संप करावा लागला नाही, करार झाला. मग ॲडजंक्टांनी एका अभ्यासक्रमामागे ७,००० डॉलरची मागणी लावून धरली. २०१९ च्या करारात २०२२ पर्यंत ५,५०० डॉलर ठरले. आधीचा किमान दर ३,२०० च्या आसपास होता, म्हणजे ही वाढ लहान नव्हे. तरी कराराच्या विरोधात मत द्या म्हणून प्रचार करणाऱ्यांत ॲडजंक्टच पुढे होते. मला त्यांचा राग समजतो. मी तिथे असतो तर तरीही बाजूनेच मत दिलं असतं.

दुसऱ्याच वर्षी कोविड आला. उन्हाळ्यात अडीच हजारांहून अधिक ॲडजंक्टांना पुन्हा नेमलं गेलं नाही. तासिका गेली की अनेकांचा आरोग्य विमाही जातो, आणि वेळ कोणती होती ते सांगायला नको. संघटनेने न्यायालयात धाव घेतली. कायम प्राध्यापक त्या वर्षी घरून, पडद्यावर शिकवत राहिले.

मी इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ या, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारं कुणी ऐकत असेल तर त्यांनी आधी बोलावं.