न दिसलेल्याची मोजदाद

तिरोड्याकडून नागझिऱ्यात शिरायचं तर चोरखमारा गेट लागतं. गावाजवळ मोठा तलाव, पुढे जंगल. व्याघ्रगणनेच्या काळात अशा जंगलवाटांवर झाडांना गुडघाभर उंचीवर कॅमेरे बांधतात, तेही जोडीने, समोरासमोर. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर तसेच नसतात. एकाच बाजूचे फोटो घेतले, तर डावीकडून टिपलेला आणि उजवीकडून टिपलेला वाघ एकच की दोन, हे सांगता येत नाही.

युनिट टेस्ट लिहिणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. टेस्ट चालवताना कोडच्या शंभरातल्या किती ओळी खरोखर चालल्या, तो आकडा म्हणजे लाइन कव्हरेज. आता 'इफ'ची अट टेस्टमध्ये एकदा खरी ठरली की तिच्या पोटातली ओळ चालते आणि रिपोर्टातला तिचा रकाना हिरवा होतो. अट खोटी ठरली असती तर काय झालं असतं, ते कुणी पाहिलेलंच नसतं. त्यासाठी ब्रांच कव्हरेज मोजावं लागतं. पायथनच्या 'कव्हरेज डॉट पाय'मध्ये ते आपोआप चालू नसतं. सेटिंगच्या फाइलीत 'ब्रांच' हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो.

हे साम्य वरवरचं आहे, कबूल. पण त्याचा माग काढत गेलं की हाती येणारं नातं वरवरचं नाही. वाघ मोजायचं गणित आणि सॉफ्टवेअरमध्ये लपलेल्या चुका मोजायचं गणित एकाच घराण्यातलं आहे.

कव्हरेजची सर्वमान्य वंशावळ थोडक्यात उरकता येते. १९६३ साली मिलर आणि मॅलनी यांनी प्रोग्राममधल्या चुका पद्धतशीर शोधण्यावर लेख लिहिला. तिथून ही कथा सुरू करायचा प्रघात आहे. १९९२ च्या विमान-सॉफ्टवेअरच्या नियमावलीने सर्वांत धोक्याच्या वर्गासाठी अटीतला प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासायची सक्ती केली. मग जीकॉव्ह, जाकोको, कोबर्तुरा वगैरे अवजारं आली. जावास्क्रिप्टच्या अवजाराचं नाव 'इस्तंबूल' का, तर कव्हरेजवरून कार्पेट एरिया आणि त्यावरून गालिच्यांचा देश, असा खुलासा त्याच्या कर्त्यानेच दिला आहे. फ्लॅट घ्यायला निघालेल्या कुणाही मराठी माणसाला ही व्युत्पत्ती पटेल.

या वंशावळीत जंगल कुठेच नाही. ते येतं दुसऱ्या शाखेतून.

१८९६ साली पीटरसन या डॅनिश मत्स्यशास्त्रज्ञाने माशांना खुणा करून परत पाण्यात सोडायची रीत मांडली. चोरखमाऱ्याच्या तलावावर ढीवरांनी शंभर मासे धरले, त्यांच्या परांना खूण केली आणि सोडून दिले, असं समजा. काही दिवसांनी पुन्हा शंभर धरले आणि त्यांतले २० खुणेचे निघाले. म्हणजे खुणेच्या माशांपैकी पाचवा हिस्सा जाळ्यात आला. तेव्हा तलावातल्या सगळ्या माशांपैकीही पाचवाच हिस्सा आला असणार. एकूण मासे सुमारे ५००. लिंकनने १९३० मध्ये हेच बदकांवर केलं. उल्हास कारंथांनी नागरहोळेत हीच रीत वाघांना लावली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे खूण करायची गरजच नव्हती, पट्टे जन्मजात होते. २००६ पासून देशभरच्या व्याघ्रगणनेत कॅमेरे आले आणि काचेवर पंजाचे ठसे उतरवायची जुनी पद्धत मागे पडली.

आणि १९७० च्या सुमारास आयबीएममधल्या हार्लन मिल्स यांनी मासे काढून त्या जागी चुका ठेवल्या. प्रोग्राममध्ये मुद्दाम १०० चुका पेरायच्या. तपासणाऱ्यांना त्यांतल्या २० सापडल्या आणि सोबत ४० अस्सल चुका सापडल्या, तर अस्सल चुका एकूण २०० असाव्यात. तलावाचंच गणित, फक्त पाणी नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. चुकांचा अंदाज वेगळा आणि कव्हरेज वेगळं, असं ते म्हणतात. कोडच्या ओळी मोजून ठेवलेल्या असतात, छेद माहीत असतो. जंगलात छेदच माहीत नसतो. मग नातं कसलं?

आक्षेप वजनदार आहे, पण छेद माहीत असतो म्हणजे तरी काय? तो आपणच ठरवलेला असतो. 'ओमिट' लिहून फाइली वगळता येतात, 'प्रॅग्मा नो कव्हर' अशी टीप देऊन ओळी झाकता येतात. गणनेवाले दोन चौरस किलोमीटरच्या चौकटी आखतात, तसेच आपणही आपलं जंगल आखून घेतो. शिवाय ओळ चालली म्हणजे ती तपासली गेली असं नाही. एकही 'असर्ट', म्हणजे निकाल पडताळणारी ओळ, नसलेली टेस्ट शंभर टक्के कव्हरेज दाखवू शकते. सरिस्का व्याघ्रप्रकल्पात २००४ च्या नोंदींत वाघ होते आणि पुढच्या वर्षी जंगलात एकही सापडला नाही. कव्हरेजच्या अशा हिरव्या आकड्यांना कागदी वाघ म्हणायला माझी हरकत नाही.

माझा खरा पुरावा मात्र ॲलन ट्युरिंगकडे आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आरमाराचे संकेत फोडताना त्याच्यापुढे प्रश्न होता, आजवर एकदाही न दिसलेलं अक्षरत्रिकूट पुढे येण्याची शक्यता किती? त्याचं उत्तर आय. जे. गुड यांनी १९५३ मध्ये छापलं, श्रेय ट्युरिंगला देऊन. अगदी एकदाच दिसलेल्या गोष्टी किती ते मोजा आणि एकूण नोंदींनी भागा. कॅमेऱ्यात ३०० नोंदी झाल्या आणि तीन प्राणी एकेकदाच दिसले, तर पुढची नोंद नव्या प्राण्याची असण्याची शक्यता सुमारे एक टक्का. उरलेले ९९ टक्के म्हणजे त्या नमुन्याचं कव्हरेज. १९५६ मध्ये गुड आणि टुलमिन यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'पॉप्युलेशन कव्हरेज' हे शब्द आहेत, मिलर-मॅलनींच्या सात वर्षं आधी. टेस्टवाल्यांनी शब्द तिथूनच उचलला, असा माझा कयास आहे. विमा किंवा बातमीदारीतून आला म्हणणाऱ्यांनी आपला कागद दाखवावा.

कयास न मानणाऱ्यांसाठी २०१८ चा दाखला आहे. मार्सेल बोहमे यांनी फझिंगला, म्हणजे प्रोग्रामवर यादृच्छिक इनपुटचा मारा करण्याला, उघडपणे प्रजाती-शोध म्हटलं. न चाललेल्या वाटा किती उरल्या असतील, हे ते एकदाच चाललेल्या वाटांवरून काढतात. योगायोगाने व्याघ्रगणनाही त्याच साली झाली. २,४६१ वाघ कॅमेऱ्यात ओळख पटून आले, अंदाज २,९६७ चा, म्हणजे ८३ टक्के. जंगलखातं न दिसलेले १७ टक्के जाहीर करतं. आपल्या रिपोर्टात ते कुठे असतात?

एक गोष्ट विरोधकांची मान्य करायला हवी. ट्युरिंगचं सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे आणि युनिट टेस्ट माणूस विचार करून लिहितो. पण वनरक्षकही कॅमेरा वाटेल त्या झाडाला बांधत नाही, वाघाच्या येण्याजाण्याची वाट हेरूनच बांधतो. वन्यजीव-संख्याशास्त्राने त्यासाठी आपली सूत्रं सुधारून घेतली आहेत. आपल्याला निदान कच्चा माल गोळा करता येईल. कव्हरेज डॉट पायच्या पाचव्या आवृत्तीपासून 'डायनॅमिक कॉन्टेक्स्ट'ला 'टेस्ट फंक्शन' ही किंमत देता येते. मग कोणती ओळ कोणत्या टेस्टने चालवली त्याची नोंद राहते, आणि एकाच टेस्टच्या भरवशावर असलेल्या ओळी निवडून काढता येतात. 'फेल अंडर'चा, म्हणजे ज्याच्या खाली कव्हरेज गेलं की नापास धरायचं तो आकडा ८० ठेवावा की ९०, यावर वाद घालण्याआधी मी ती यादी मागेन.