ॲडव्हेंचर गेम म्हणजे काय, आणि ते मुलांना इतके का आवडतात?

मूल मोबाईल घेऊन बसलं की अम्मी-अब्बांना सगळे गेम सारखेच वाटतात. पण गेममध्येही प्रकार आहेत. त्यातला ‘ॲडव्हेंचर गेम’ हा प्रकार पालकांनी समजून घ्यावा असा आहे. इथे बोटांच्या चपळाईपेक्षा डोकं जास्त चालवावं लागतं. खेळणारा एका गोष्टीतलं पात्र होतो. फिरायचं, वस्तू शोधायच्या, लोकांशी बोलायचं आणि कोडी सोडवायची. त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

सुरुवात एका बापाने केली

अमेरिकेतले विल क्राउदर हे कॉम्प्युटर प्रोग्रामर. गुहांमध्ये उतरून त्यांचे नकाशे बनवण्याचा त्यांना छंद होता. १९७५ च्या सुमारास घटस्फोटामुळे त्यांच्या मुली दुरावल्या. मुली भेटायला आल्या की त्यांना खेळता यावं, म्हणून त्यांनी केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या गुहेवर बेतलेला एक गेम लिहिला. त्यात एकही चित्र नव्हतं. समोर काय आहे ते पडद्यावर लिहून यायचं आणि कुठे जायचं, काय उचलायचं ते एक-दोन शब्दांत टाईप करायचं. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. या गेमचं नाव ‘ॲडव्हेंचर’, आणि त्यावरूनच पूर्ण प्रकाराला नाव पडलं.

मजा कशात आहे?

पहिली गोष्ट म्हणजे घाई नसते. १९९३ च्या ‘मिस्ट’मध्ये शत्रू नाही, घड्याळ नाही. एका निर्जन बेटावर फिरून तिथे काय घडलं ते शोधायचं. लोक शेजारी वही ठेवून खुणा आणि नकाशे उतरवत हा गेम खेळले.

दुसरी गोष्ट, चुकण्याची भीती नसते. रॉन गिल्बर्ट यांच्या १९९० च्या ‘मंकी आयलंड’मध्ये चुकीची चाल केली म्हणून सहसा गेम संपत नाही. तिथली तलवारबाजीही हजरजबाबीपणावर जिंकायची असते. समोरच्याच्या टोमण्याला चोख उत्तर दिलं तर सरशी आपली!

तिसरी गोष्ट, अडलेलं कोडं सुटल्याचा आनंद. दोन दिवस न उघडणारं कुलूप अचानक उघडलं की मूल ओरडत घरभर का फिरतं, ते इथे कळतं.

दुसऱ्याचं दुःख समजताना

२०१७ मध्ये फ्रान्समधल्या निर्मात्यांनी ‘बरी मी, माय लव्ह’ हा मोबाईल गेम आणला. सीरियातली नूर युद्धातून बाहेर पडून युरोपकडे निघाली आहे आणि तिचा नवरा मज्द मागे राहिला आहे. खेळणारा म्हणजे मज्द. हातात फक्त मेसेज. सल्ला द्यायचा, धीर द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. कधी तासन्‌तास उत्तरच येत नाही. या प्रवासाचे १९ वेगवेगळे शेवट आहेत आणि सगळेच सुखाचे नाहीत. बातमीत ‘निर्वासित’ हा एक शब्द असतो, इथे ते आपल्याच घरचं माणूस होतं. विषय जड आहे, त्यामुळे तो मोठ्या मुलांसाठीच ठीक.

पालकांनी काय बघावं?

‘ॲडव्हेंचर’ हे लेबल बघून निर्धास्त होऊ नका. आज ‘ॲक्शन-ॲडव्हेंचर’ हा मिश्र प्रकार जास्त चालतो आणि त्यात मारामारी असते. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) याच प्रकारातला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही कथा, पण वाटेत लढाया आहेत. म्हणून वयाचं रेटिंग बघा. गेममध्येच पैसे मागितले जातात का, अनोळखी लोकांशी चॅट होतं का, हेही तपासा. नमाज, अभ्यास आणि झोपेची वेळ आधीच ठरवून द्या. कोड्यात अडकलेलं मूल ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणत तासभर बसतं. या खेळांत बहुतेक वेळा जिथे थांबलो तिथून पुढे सुरू करता येतं, तेव्हा ‘आता बंद केलं तर सगळं जाईल’ ही सबब फारशी चालत नाही.

आणि एकदा तरी मुलाशेजारी बसा. “हे दार कसं उघडायचं रे?” एवढंच विचारा. हा प्रकार जन्मला तोच मुलींसोबत चार घटका घालवू पाहणाऱ्या एका बापामुळे.