विरारच्या पुढे जाणारे रूळ

नवा लोहमार्ग आखला की त्याचा जमाखर्च मांडतात. इतके कोटी लागतील, इतके प्रवासी वाढतील. जमिनीच्या चढलेल्या भावाचा लाभ कोणाच्या घरी गेला आणि रोजचे तास कोणाच्या आयुष्यातून वजा झाले, यासाठी त्या वहीत रकाना नसतो. वसई-विरारचा इतिहास मी या दोन गाळलेल्या रकान्यांतून वाचतो.

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी निघाली. दिवसाला जाणारी एक, येणारी एक. 1928 साली बोरिवलीपर्यंत आलेली विजेची गाडी विरारला 1936 साली पोचली. पण माणसांचा खरा लोंढा आला तो पुढच्या अर्धशतकात, आणि 1982 च्या संपानंतर गिरणगाव मोडले तेव्हा अधिकच. ज्यांना आडनाव सांगताच मुंबईत खोली नाकारली जाते, त्यांनाही नालासोपाऱ्याच्या चाळीत जागा मिळाली. हा लाभ खरा आहे. मासिक पास स्वस्त आहे, म्हणून सफाई कामगार इथून चर्चगेटला जाऊ शकतो, त्याची मुलगी कॉलेजात. रेल्वेविरुद्ध बोलणाऱ्या हिरव्या स्वप्नाळूंनी हे आधी मान्य करावे.

आता दुसरी बाजू. विरार ते चर्चगेट सुमारे साठ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास नुसत्या गाडीत, तेही उभ्याने. मालकाच्या हिशेबी हे तास कामाचे नव्हेत. मग ते कोणाचे? 2011 च्या जनगणनेत या शहराची वस्ती 12 लाख 22 हजारांवर होती. रूळ आधी आले, पाणी, गटारे आणि अधिकृत घरे मागाहून. काही आलीच नाहीत. 2025 च्या आरंभापर्यंत नालासोपारा पूर्वेला न्यायालयाच्या आदेशाने 41 इमारती पाडण्यात आल्या. भूखंड कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होता. बांधणाऱ्याचे पैसे आधीच वसूल झाले होते. रस्त्यावर आला तो खोली विकत घेणारा.

एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली. बोईसरच्या कारखान्यांतला कामगार, पालघरची विद्यार्थिनी यांना तिने हात दिला. 2016 साली विरार-डहाणू तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेस मंजुरी मिळाली. लांबी 64 किलोमीटर. पण पलीकडे वारली, कोळी, कातकरी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन त्यांच्या नावे होण्याची वाट 2006 च्या कायद्याने उघडली, आणि तीही अर्जांच्या फडताळात अडकते. 1894 चा भूसंपादन कायदा जमिनीत ज्याचा हितसंबंध त्यालाच ओळखत असे. शेतमजूर आणि कूळ यांची उपजीविका 2013 च्या कायद्याने मोजली. मोजणारा अधिकारी मात्र अजून आधी उताराच मागतो.

मीरा रोड ते विरार मेट्रोचाही आराखडा आहे. तो यावा. मात्र स्थानकाभोवतीच्या जमिनीचा वाढलेला भाव शासनाने कर लावून घ्यावा, आणि त्यातून पहिली घरे भाडेकरूंची बांधावीत, मालकांची नव्हे. भाडेकरूंची यादी जागा मोजण्यापूर्वी करावी लागेल. मोजणी झाल्यावर तिथे कोणी राहत होते याचा पुरावा राहत नाही.